राणीबागेतलं म्युझियम

भायखळ्याच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाऊल टाकलं की नजर आधी वर जाते. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांच्या माथ्यावरची सोनेरी नक्षी, वरच्या मजल्याचे कठडे, आणि पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरशा. २००३ साली मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारत दुरुस्त झाली आणि २००५ साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा-पुरस्कार तिला दिला. करोनाकाळात बंद पडलेलं हे संग्रहालय पुन्हा दुरुस्त होऊन २०२५च्या सुरुवातीला उघडलं. या जीर्णोद्धाराने इमारतीला तिचं १८७२चं रूप परत दिलं आणि ते काम अव्वल दर्जाचं आहे. पण ही वास्तू खऱ्या अर्थाने मुंबईची झाली ती १८७२मध्ये नव्हे. गिरण्या-चाळींचं गिरणगाव तिच्याभोवती उभं राहिलं आणि राणीबागेत येणाऱ्या माणसांनी तिला आपलं म्हटलं, तेव्हा ती मुंबईची झाली. तिच्या इतिहासात या दुसऱ्या जन्माला पहिल्याइतकंच मोल मिळायला हवं.

पहिल्या जन्माची कहाणी लंडनपासून सुरू होते. १८५१च्या लंडनच्या आणि १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनांनंतर मुंबई इलाख्यातला कच्चा माल आणि कारागिरी यांचा संग्रह शहरात असावा असं सरकारला वाटलं. १८५७ साली कोटातल्या टाउन बराकीत तो मांडलाही, पण त्याच साली उठाव झाला, सैन्याला जागा हवी झाली आणि संग्रहाची घाईघाईने टाउन हॉलमध्ये रवानगी झाली. त्या धावपळीत बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी स्वतंत्र इमारतीचा ध्यास घेतला. वर्गणी गोळा झाली, १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसवली आणि इमारतीला व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स अल्बर्ट यांचं नाव ठरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, म्हणून पैसा होता. १८६५मध्ये युद्ध थांबलं, शेअरबाजार कोसळला आणि वर्गण्याही आटल्या. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. दरवाजे उघडायला १८७२चा मे महिना उजाडला. भाऊ दाजींनी ते पाहिलं आणि दोन वर्षांत तेही गेले.

हा राणीच्या नावाचा आणि साहेबाच्या व्यापाराचा मामला होता, त्यात मुंबईकरांचं असं काय, हा आक्षेप जोरदार आहे. बर्डवुडनी १८६२ साली इलाख्यातल्या आर्थिक उत्पादनांची सूची छापली. तिच्याकडे पाहिलं तर या संग्रहामागे कलेपेक्षा कापूस, तेलबिया आणि तागाचा विचार अधिक होता हे कळतं. राज्यकर्त्यांना इथे काय पिकतं आणि काय विकता येईल हे एका छताखाली पाहायचं होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेतू आणि वापर एकच नसतात. नाना शंकरशेटांनी शाळा, महाविद्यालयं, आगगाडी यांसाठी खटपट केली तीही साहेबाच्याच राज्यात. गोव्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकलेले भाऊ दाजी रोगी तपासता तपासता जुने शिलालेख वाचत होते. अशा माणसांना संग्रहालय हवं होतं ते ज्ञान आपल्या गावात, आपल्या लोकांच्या हाताशी असावं म्हणून. १ नोव्हेंबर १९७५ रोजी इमारतीला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं तेव्हा हा दुसरा हेतू कागदावर आला, इतकंच.

तरीही संग्रहालय कोणाचं, याचा निकाल नावावरून लागत नाही. तो जागेवरून लागतो. इमारत उभी राहत होती तेव्हा भायखळा हे मोकळं, ऐटबाज उपनगर होतं. साहेबांचा भायखळा क्लब इथेच होता आणि महालक्ष्मीला जाण्याआधी घोड्यांच्या शर्यतीही इथेच भरत. बंगलेवाल्यांनी संध्याकाळी बग्गीतून यावं अशी ती बाग. पण १८५४ सालीच कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला होता, पाठोपाठ धुराडी उत्तरेकडे सरकत गेली, आणि बघता बघता लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा हा चाळींचा आणि भोंग्यांचा मुलूख झाला. बंगलेवाले मलबार हिलकडे निघून गेले. बाग आणि तिच्यातलं म्युझियम मात्र होतं तिथेच राहिलं. आता आठवड्याच्या सुट्टीला आत येणारी माणसं रत्नागिरी-सातारा-कोल्हापूरहून आलेल्या कामगारांच्या कुटुंबांतली होती. आधी बागेतल्या प्राणिसंग्रहालयातला वाघ, मग हत्ती, मग म्युझियम. सांगावं लागू नये असा हा क्रम होता, आणि कित्येक कुटुंबांच्या मुंबईदर्शनाची सुरुवात तिथूनच होई.

पुढे १९२२ साली कोटात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम खुलं झालं आणि पुरातत्त्वाची, उच्च कलेची प्रतिष्ठा तिकडे गेली. इथल्या संग्रहालयाचं ते दुर्दैव मानलं जातं. मला ते तसं वाटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेल्या क्युरेटरांच्या हाताखाली इथे मातीच्या प्रतिकृती घडू लागल्या होत्या. त्यांत मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे, नाना तऱ्हांची पागोटी, अगदी पारशांच्या दोखम्याची लहानशी प्रतिकृतीसुद्धा होती. वाचता न येणाऱ्या माणसालाही हे सगळं कळत होतं. काचेपलीकडच्या वीतभर माणसाच्या पगडीचा पीळ पाहावा: कुठे घट्ट, कुठे सैल, एक पदर कानाशी सुटलेला. तो पीळ ज्याच्या घरात रोज घातला जात होता, त्याला या संग्रहालयात स्वतःचं घर दिसत होतं. माणसांना जातीनिहाय खान्यांत बसवणं ही राज्यकर्त्यांची सवय होती, हा दोष या मूर्तींना लागतोच आणि आजच्या पाट्यांनी तो स्पष्ट सांगावा. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत त्या वर्गवारीपुरत्या उरल्या नाहीत. शहरातल्या साध्या, कष्टकरी माणसाला काचेच्या कपाटात मान मिळाला तो इथे.

बागेच्या गर्दीनेच ही वास्तू खराब केली, असंही म्हणतात. लोकांच्या पायांनी फरशी झिजते हे खरं आहे. पण छत गळत राहणं, रंगावर रंगाचे थर चढत जाणं आणि नक्षी त्याखाली गाडली जाणं, हे पाहुण्यांचं काम नव्हतं. तो अनेक दशकांच्या निगराणीच्या अभावाचा परिणाम होता. उलट लोक येत राहिले म्हणूनच हे दालन कायमचं कुलूपबंद झालं नाही आणि २००३ साली वाचवण्यासारखं काहीतरी शिल्लक होतं.

जीर्णोद्धारानंतर इथे समकालीन कलेची प्रदर्शनं सुरू झाली आणि ती आसपासच्या वस्तीला परकी वाटतात, हाही आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. पांढऱ्या भिंतीवरची कला पुष्कळदा ओळखीचा माणूस बरोबर असल्याशिवाय बोलत नाही. पण २०११ साली जितीश कल्लाट यांनी या सोनेरी नक्षीत बांबूच्या परांचीसारखी शिल्पं उभी केली, तेव्हा ती परांची कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर चढताना याच वस्तीने ती रोज पाहिली होती. जुन्या इमारतीत नवी कला शोभते ती अशी, शेजाऱ्यांच्या रस्त्यावरून आत आलेली.

बाहेर आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं, तोच हा. १८१४ साली बेटावर त्याचं डोकं आणि मान ढासळली, १८६४ साली तो तिथून हलवला गेला आणि पुढे कितीतरी वर्षांनी तुकडे जोडून १९१४च्या सुमारास इथे उभा राहिला. सांधे आजही डोळ्यांना दिसतात. १९६५ साली कोटातून हलवलेला काळा घोडाही याच बागेत आणला गेला. घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला आहे, पण मुंबईकरांनी पुतळ्याला नाव दिलं ते घोड्याचं. आत जाण्याआधी मुलं हत्तीपाशी थांबतात आणि सांध्यांवरून बोट फिरवतात.