प्फोर्टाची भिंत

पॉल डॉयसन हे नाव मला प्रथम भेटलं ते कामाच्या अडचणीत. एका जर्मन निबंधात उपनिषदाचा उतारा होता. तो मराठीत आणायचा तर मूळ संस्कृत वाक्य सापडायला हवं. शोधत शोधत मी डॉयसनच्या साठ उपनिषदांच्या जर्मन भाषांतरापाशी (१८९७) पोचले. त्याआधी चार वर्षं, फेब्रुवारी १८९३मध्ये, हाच माणूस मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत वेदान्तावर बोलून गेला होता. संस्कृत तो बॉनला शिकला. पण परक्या भाषेतलं वाक्य घाई न करता उलगडायची सवय त्याआधीची, नाउमबुर्गजवळच्या प्फोर्टा या निवासी शाळेतली.

ही शाळा मुळात सिस्टर्शियन साधूंचा मठ. धर्मसुधारणेच्या लाटेत मठ बंद झाला आणि १५४३मध्ये सॅक्सनीच्या ड्यूक मॉरित्सने तिथे शाळा काढली. मठाच्या जमिनींच्या उत्पन्नावर ती चाले, म्हणून गरीब घरच्या हुशार मुलालाही जागा मिळे. साधू गेले, भिंत, घंटा आणि पहाटेची प्रार्थना राहिली. कवी क्लॉपस्टॉक, तत्त्वज्ञ फिश्ट, इतिहासकार रांके हे सगळे याच भिंतीआड वाढले. त्यातला फिश्ट लहानपणी एकदा पळून निघाला होता आणि वाटेतूनच परतला, असं सांगतात.

डॉयसन तिथे होता तेव्हा त्याचा जिवलग मित्र होता फ्रीडरिश नीत्शे. तो १८५८ ते १८६४ अशी सहा वर्षं प्फोर्टात होता. दिवसाचा तास न् तास बांधलेला, मोठ्या मुलांची लहानांवर देखरेख, आणि सगळ्यांत जास्त वेळ लॅटिन-ग्रीकला. पण आठवड्यातला एक दिवस तासांविना असे: सकाळी थोडी जास्त झोप, मग आपापला अभ्यास. मला वाटतं, शाळेचं खरं देणं त्या मोकळ्या दिवसात होतं. सतरा वर्षांच्या नीत्शेने हॉल्डरलिन या तेव्हा फारशा न वाचल्या जाणाऱ्या कवीवर निबंध लिहिला, तर शिक्षकांनी सल्ला दिला की, जरा निकोप, सुबोध आणि अधिक जर्मन कवी निवड! गणितात तर तो कच्चाच राहिला.

त्याच शाळेतून पुढे विलामोवित्स बाहेर पडला आणि १८७२मध्ये नीत्शेच्या पहिल्या पुस्तकावर तुटून पडला. भाषाशास्त्राची शिस्त नीत्शेने मोडली, हा त्याचा आक्षेप. दोघांची शिस्त एकाच घंटेवर घडलेली. नीत्शेने मात्र डॉयसनच्या वेदान्तावरच्या कामाचा पुढे आपल्या पुस्तकात आदराने उल्लेख केला.

इथवर मी शाळेचं कौतुकच करत आले. पण १९३५मध्ये नाझींनी तिचं रूपांतर आपल्या खास प्रशिक्षणशाळेत केलं. भिंत, घंटा, वसतिगृह, मोठ्यांनी लहानांना वाकवायची रीत, हे सगळं त्यांना आयतंच मिळालं. चार शतकं ग्रीक वाचलेल्या या वास्तूने त्याला अडवलं नाही, हे मला टोचतं. ज्या सवयीने डॉयसन उपनिषदांपर्यंत पोचला, तिचाच एक भाग आज्ञापालन हा होता.

युद्धानंतर शाळा पूर्व जर्मनीत गेली आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर पुन्हा राज्याची शाळा झाली. आता मुलीही तिथे राहून शिकतात. भाषा, संगीत आणि विज्ञान अशा शाखा आहेत. मठाची भिंत अजून उभी आहे.