भिडू आणि लिंबूटिंबू

मराठी मैदानी खेळांचा इतिहास बहुधा नियमावलीपासून सांगितला जातो. मैदानाची मापे कोणी ठरवली, कोणता खेळ परदेशी केव्हा गेला, यांची जंत्री म्हणजे इतिहास, असा समज रूढ आहे. साहित्याच्या अभ्यासकांपाशी मात्र याहून जुना पुरावा आहे आणि तो भाषेत आहे. ‘डाव’, ‘भिडू’, ‘खो’, ‘लोण’ हे शब्द मैदानावरून आपल्या बोलण्यात आले. आपण एखाद्याच्या बेताला खो घालतो; चळवळीचे लोण खेड्यापर्यंत पोहोचल्याचे सांगतो. ज्याच्यावर इतरांना पकडण्याची पाळी येते त्याच्यावर ‘राज्य’ आले, असे म्हणणाऱ्या भाषेने सत्तेविषयीही काही सांगून ठेवले आहे.

याच शब्दकुळातला एक शब्द नियमावलीत सापडणार नाही. तो म्हणजे ‘लिंबूटिंबू’. खेळात घेतलेले, पण कधीच बाद न होणारे लहान मूल म्हणजे लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याच्यामुळे डावाचा निकाल बदलत नाही; तरीही ते मैदानात असते. मोठ्यांबरोबर धावता धावता एक दिवस ते पुरता भिडू होते. दुबळ्याला बाहेर न बसवता खेळ चालू ठेवण्याची ही युक्ती आम्हांला जुन्या मैदानाचे मर्म वाटते.

या मर्माचा विस्तार संतसाहित्यात दिसतो. तुकोबांच्या गाथेत हमामा, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू, फुगडी या खेळांवर अभंग आहेत. पोरांचे खेळ घेऊन त्यांतून परमार्थ सांगण्याची ही रीत एकनाथांच्या भारुडांतही आढळते. श्रोत्यांनी ते खेळ स्वतः खेळलेले होते, म्हणूनच ही रूपके त्यांच्यापर्यंत थेट पोहोचली. पंढरीच्या वाळवंटात वैष्णवांनी मांडलेल्या खेळाचे तुकोबांनी केलेले वर्णनही प्रसिद्ध आहे. त्यात अभिमान गळून माणसे एकमेकांच्या पाया पडतात. हरण्याजिंकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सोलापूर जिल्ह्याला हे केवळ पुस्तकात वाचावे लागत नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे गोल रिंगण पुरंदावड्याला होते, तुकोबांच्या पालखीचे अकलूजला. अश्व धावून गेल्यावर टाळमृदंगांच्या तालावर उडीचा खेळ रंगतो, फुगड्या धरल्या जातात. फुगडीत साठी उलटलेली बाई आणि शाळकरी मुलगी एकमेकींचे हात धरून फिरतात. वयाने मोठी झालेली माणसे प्रेक्षक न होता खेळाडू होतात, अशी जागा आज महाराष्ट्रात क्वचितच उरली आहे.

विसाव्या शतकात मैदानाचे रूप पालटले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी खो-खोला नियमबद्ध केले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याआधी हुतुतू नाना तऱ्हांनी खेळला जाई. ‘संजीवनी’त बाद गडी पुन्हा जिवंत होई, ‘गामिनी’त तो डाव संपेपर्यंत बाहेरच राही, तर ‘अमर’मध्ये बाद होऊनही मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजला जाई. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले. ही नावे वाचताना खेळाची परिभाषा आणि पुराणाची भाषा एकाच तोंडी किती सहज नांदत होती, हे लक्षात यावे.

नियमांनी दिलेले दान मोठे आहे. नियमबद्ध स्पर्धा नसत्या, तर वयात येताच अंगणातून घरात बोलावल्या जाणाऱ्या मुलींना मैदान मिळणे कठीण होते. सोलापूरला लागून असलेल्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. गतकाळाच्या हळहळीत हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

तरीही एक गोष्ट हरवली. वयोगट आला, वजनाची मर्यादा आली, निवड आली. लिंबूटिंबूला जागा उरली नाही. निवड न झालेले मूल कडेला बसते आणि पुढे आयुष्यभर कडेलाच राहते. वर्गात हमामा किंवा चेंडूफळीवरचा अभंग शिकवताना आम्हांला या हानीची दुसरी बाजू दिसते. विद्यार्थ्यांना टीपेतून शब्दाचा अर्थ कळतो, पण शरीराला त्याची आठवण नसते. मग रूपकाची केवळ उकल होते, प्रचीती येत नाही. खेळ विसरला गेला की त्याच्यावर उभी असलेली कविताही हळूहळू मुकी होते.

म्हणून आमची अपेक्षा माफक आहे. स्पर्धा चालू राहाव्यात. पण आठवड्यातून एक तास शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर निवड नसलेला खेळ असावा. त्यात प्राध्यापकांनी, शिपायांनी, कधी मैदान न पाहिलेल्या मुलामुलींनी उतरावे. दमछाक झालेल्या प्राध्यापकाला मुलांनी खुशाल लिंबूटिंबू मानावे. गाथेतील खेळांचे अभंग त्यानंतरच्या तासाला शिकवून पाहावेत.