फोर्डच्या घरी शेव्हरोलेचं बिऱ्हाड

जॉर्ज लुकास यांच्या १९७३ सालच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटात एक पिवळी गाडी आहे. १९३२ ची फोर्ड कूपे. छत मधूनच कापून ठेंगणं केलेलं, पुढच्या चाकांवर मोटारसायकलला शोभतील असे चिंचोळे मडगार्ड, आणि बॉनेट तर नाहीच. गावातल्या रस्त्यांवर ती सगळ्यांना मागे टाकते. फोर्डचे जुने भक्त हा चित्रपट पाहताना उसासा टाकतात, त्यात कौतुक असतंच, पण थोडी बोचही असते. बॉनेट नसल्यामुळे जे उघडंच दिसतं ते इंजिन फोर्डचं नाही. ते शेव्हरोलेचं आहे.

आपल्याकडे कुणी बुलेटच्या चेसिसमध्ये जावाचं इंजिन बसवलं तर चहाच्या टपरीवर जी हाणामारी होईल, तीच अमेरिकेत या प्रकारावरून पिढ्यान् पिढ्या चालली आहे. फोर्ड आणि शेव्हरोले ही तिथली दोन सनातन घराणी. बाप एकाचा तर मुलगा सहसा त्याचाच. तरीही १९३२ ची फोर्ड, जिला लाडाने ‘ड्यूस’ म्हणतात, तिच्या पोटात शेव्हरोलेचं इंजिन घालणं ही इतकी नेहमीची गोष्ट झाली, की फोर्डमध्ये फोर्डचंच इंजिन असेल तर मालक ते मुद्दाम सांगतो.

हे असं व्हायला फोर्डचंच यश कारणीभूत आहे. ३१ मार्च १९३२ रोजी हेन्री फोर्ड यांनी व्ही-८ इंजिनाची गाडी लोकांसमोर आणली. आठ सिलेंडर म्हणजे तोवर श्रीमंतांचा थाट. अशा इंजिनांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, एरवी तुकड्यातुकड्यांनी ओतून बोल्टांनी जोडले जात. फोर्डच्या ओतशाळेने अख्खा ठोकळा एकाच ओतकामात काढण्याचं तंत्र मोठ्या प्रमाणावर बसवलं आणि भाव खाली आला. सुमारे ३६०० सीसी, ६५ अश्वशक्ती, आणि रोडस्टरची किंमत पाचशे डॉलरच्या आत. ऐन मंदीतलं ते वर्ष. काही वर्षांत याच गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या खिशाला परवडू लागल्या.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला म्युरॉक, एल मिराज अशी पाणी आटून टणक झालेली तळी आहेत, मैलोन् मैल सपाट. पोरं मडगार्ड, काच, छत, जे जे निघेल ते काढून टाकत आणि पहाटे वारा पडलेला असताना तिथे गाडी पळवत. १९३७ साली या हौशी मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन वेग मोजणारी संघटनाच काढली, ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’. दुसरं महायुद्ध संपलं, लष्करात लेथ आणि वेल्डिंग शिकलेले जवान घरी परतले, आणि या छंदाला ऊत आला. अशा घरी वेगवान केलेल्या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणत; जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी त्याच नावाचं मासिक सुरू केलं. पुढच्याच वर्षी युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती लागल्या. या सगळ्याच्या पोटात धडधडत होतं फोर्डचं ते इंजिन, ‘फ्लॅटहेड’.

त्याचं दुखणं मात्र जन्मजात होतं. फ्लॅटहेडचे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्याच्या अंगातच असतात. हेड म्हणजे पातेल्यावरचं सपाट झाकण. जळका वायू बाहेर पडायला निघाला की त्याला ठोकळ्याच्या आतूनच, थंड पाण्याच्या वाटांना खेटून वळसे घेत जावं लागतं. त्यातून मधल्या दोन सिलेंडरांना मिळून धुराची एकच वाट. इंजिन आपल्याच धुराने आपलंच पाणी तापवतं. फोर्डने दोन-दोन पाण्याचे पंप दिले, तरी चढावर रेडिएटर उकळायचाच. आणि जितकी जास्त ताकद काढावी, तितका हा ताप जास्त.

१९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांनी व्हॉल्व्ह डोक्यावर असलेली नवी व्ही-८ इंजिनं काढली, १९५१ मध्ये क्रायस्लरने अर्धगोल हेडचं १८० अश्वशक्तीचं इंजिन आणलं, आणि परक्या घरचं इंजिन आणून बसवण्याची खरी धांदल सुरू झाली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बिल फ्रिक नावाचा गॅरेजवाला फोर्डमध्ये कॅडिलॅकचं इंजिन बसवून देई. त्या संकराला लोक ‘फोर्डिलॅक’ म्हणत. पुढे त्याने तोच प्रयोग स्टुडबेकरवर केला आणि ‘स्टुडिलॅक’ जन्माला आली. हिची कीर्ती थेट जेम्स बाँडपर्यंत गेली: इयान फ्लेमिंग यांच्या १९५६ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ कादंबरीत बाँडचा अमेरिकन मित्र फीलिक्स लायटर तीच चालवतो. इंग्लंडचा सिडनी अॅलार्ड तर आपल्या जे-टू गाड्या इंजिनाविनाच अमेरिकेला धाडायचा. गिऱ्हाईक तिथे हवं ते इंजिन बसवून घेई. कॅडिलॅक इंजिनाची अशीच एक जे-टू घेऊन अॅलार्ड आणि टॉम कोल यांनी १९५० साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा नंबर काढला.

पण ही सगळी पैसेवाल्यांची चैन. क्रायस्लरचं ते इंजिन सव्वातीनशे किलोंच्या पुढे जायचं. हलक्या ड्यूसच्या नाकावर ते ठेवलं की गाडी वळणावर सरळच जायला बघे. भंगारात कॅडिलॅक सापडायचीही क्वचित. म्हणून सामान्य पोरगा उकळत्या फ्लॅटहेडलाच चिकटून राहिला.

इथे गोष्टीत झोरा आर्कस-डंटॉव्ह येतो, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही. जन्म १९०९, ब्रसेल्स, आईबाप रशियन, बालपण रशियात, शिक्षण बर्लिनमध्ये, आणि नाझी फ्रान्समध्ये घुसल्यावर पळून न्यूयॉर्क. तिथे भाऊ युरासोबत त्याने ‘आर्डुन’ नावाची कंपनी काढली. आडनावाच्या दोन तुकड्यांची ती जोडणी. युद्धानंतर या भावांनी काय बनवलं, तर फोर्डच्या फ्लॅटहेडवर बसणारं अॅल्युमिनियमचं हेड, ज्यात व्हॉल्व्ह डोक्यावर गेले. मूळ हेतू फोर्डच्या ट्रकांचा ताप उतरवण्याचा. पण झेप घेतली ती शर्यतवाल्यांनी. धंदा फारसा चालला नाही. झोरा काही काळ इंग्लंडला जाऊन त्याच अॅलार्डकडे काम करून आला. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात त्याने शेव्हरोलेची नवी स्पोर्ट्स गाडी, पहिली कॉर्व्हेट, पाहिली, कंपनीला पत्र लिहिलं आणि मे महिन्यात तिथे नोकरीला लागला.

सात महिन्यांनी, १६ डिसेंबर १९५३ रोजी, त्याने वरिष्ठ मॉरिस ऑली यांना एक टिपण दिलं. विषय: तरुण मुलं, हॉट रॉडवाले आणि शेव्हरोले.

फोर्डची हेडं घडवून हात काळे केलेल्या माणसालाच हे सुचावं, यात नवल नाही. टिपणाचा सांगावा असा: हॉट रॉडची मासिकं उघडा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोर्डच आहे. ही पोरं फोर्डवर वाढतात आणि कमावती झाली की नवी फोर्डच घेतात. आपलं नवं व्ही-८ येईल तेव्हा ते नुसतं चांगलं असून भागणार नाही, कारण फोर्डच्या सुट्या भागांचा आणि अनुभवाचा साठा वर्षानुवर्षांचा आहे. तेव्हा वेगाचे भाग कंपनीनेच तयार ठेवावेत. पोरांचा पहिला प्रयत्न सोपा जावा आणि यशस्वी व्हावा. आणि कॅडिलॅक-क्रायस्लरला चिकटलेला महागपणाचा शिक्का याला लागू नये. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत शिरण्याची वाट एका कंपनीच्या कचेरीत बसून आखली गेली. निष्ठा मोडली ती पोरांनी, हे खरं; पण दार आतून उघडून देणारा माणूस मोजून एक होता.

शेव्हरोलेची तेव्हाची प्रतिमा म्हणजे शाळामास्तरांची गाडी. १९२९ पासून त्यांच्याकडे फक्त सहा सिलेंडरचं इमानी इंजिन. मुंबईकरांनाही ही गाडी परकी नव्हती; जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना घातला तेव्हा तिथून शेव्हरोलेच बाहेर पडत होत्या. अशा घरात १९५५ च्या मॉडेलसाठी एड कोल यांच्या हाताखाली नवं इंजिन घडलं, ज्याला पुढे ‘स्मॉल ब्लॉक’ हे नाव पडलं. २६५ घन इंच, म्हणजे सुमारे ४३०० सीसी, आणि साध्या रूपात १६२ अश्वशक्ती. ओतकाम पातळ, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर पत्र्यातून ठोकून काढलेले, त्यांना पेलणारा जडशीळ दांडा रद्द. परिणामी आठ सिलेंडरचं हे इंजिन त्यांच्याच सहा सिलेंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे १८ किलो हलकं निघालं. पहिल्या वर्षी त्यात ऑइल फिल्टरचीच सोय नव्हती, ही कंजुषी मात्र खास शेव्हरोलेची.

आता ड्यूसच्या बाजूने पाहू. फ्लॅटहेड चेनने वर उचलून बाहेर काढला, रिकामी जागा समोर आहे. स्मॉल ब्लॉक लांबीला आखूड, वजनाला फ्लॅटहेडच्या आसपास, म्हणजे स्प्रिंगा बदलायला नकोत. टेकवायचं कशावर? ठोकळ्याच्या पुढच्या तोंडावर बोल्टांची भोकं तयारच होती. तिथे एक आडवी पट्टी लावली की ती फोर्डच्या पुढच्या क्रॉसमेंबरवर बसे. या पट्ट्या विकूनच १९५८ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉर्ज हर्स्टची कंपनी उभी राहिली, जिची नंतर गिअरच्या दांड्यांमुळे ख्याती झाली. मागच्या बाजूला अॅडॅप्टर प्लेट घालून फोर्डचाच जुना तीन गिअरांचा बॉक्स जोडायचा. तो नव्या ताकदीखाली दाते गाळायचा, पण भंगारात दुसरा मिळे. वीज वेगळीच भानगड. जुनी फोर्ड सहा व्होल्टची, तीही बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेली. नवी शेव्हरोले बारा व्होल्टची, निगेटिव्ह. म्हणजे दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळं नव्याने ओढायचं.

आणि मग डिस्ट्रिब्युटर, सिलेंडरांना ठिणगी वाटून देणारा. फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे, रेडिएटरकडे असतो. शेव्हरोलेचा अगदी मागे, नेमका ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पत्र्याला भिडतो. इंजिन पुढे सरकवावं तर पंखा रेडिएटर खातो. यावर उपाय एकच, हातोडा. पत्र्यात ओंजळभर खळगा ठोकायचा, की डिस्ट्रिब्युटर त्यात अंग चोरून बसतो.

फोर्डने १९५४ मध्ये आपलंही डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं व्ही-८ आणलं होतं, पण ते अवजड. इकडे डंटॉव्हने शब्द पाळला. सप्टेंबर १९५५ मध्ये नक्षी बदलून ओळख लपवलेली शेव्हरोले घेऊन तो स्वतः पाइक्स पीकच्या घाटावर विक्रम करून आला. त्याच्या नावाचा कॅमशाफ्ट शेव्हरोलेच्या सुट्या भागांच्या खिडकीवर मागून मिळू लागला. १९५७ मध्ये २८३ घन इंचांतून २८३ अश्वशक्ती काढणारं इंजिन कंपनीच्या यादीत आलं. फ्लॅटहेडचे भाग विकून मोठे झालेले व्हिक एडेलब्रॉक यांच्यासारखे कारागीरही स्मॉल ब्लॉककडे वळले. शेवटी आकडाच बोलतो: २०११ पर्यंत ही इंजिनं १० कोटी झाली. प्रत्येक गावातल्या भंगारवाल्याकडे एक तरी पडलेलं असणारच, मग निष्ठा किती दिवस टिकणार?

या वाटेवर एक उलटा फासाही पडला. टेक्ससचा कॅरोल शेल्बी, ज्याने तरुणपणी अॅलार्ड पळवली होती, इंग्लंडच्या ‘एसी एस’ या देखण्या गाडीला व्ही-८ शोधत १९६१ मध्ये आधी शेव्हरोलेच्याच दारात गेला. कॉर्व्हेटला सवत नको म्हणून तिथून नकार आला. मग इंजिन दिलं फोर्डने, आणि १९६२ मध्ये कोब्रा आली, जिने शर्यतींत कॉर्व्हेटलाच धूळ चारली.

आज अमेरिकेत ड्यूसचं पत्र्याचं शरीरही नवंकोरं घडवून मिळतं आणि शेव्हरोलेचं इंजिन लाकडी खोक्यातून घरपोच येतं. दुसरीकडे जुन्या ड्यूस पुन्हा मूळ रूपात नेणाऱ्यांचा पंथ वाढतो आहे. शेव्हरोले काढून फ्लॅटहेड परत बसवायचा, तर त्यांना इंजिनाआधी पत्र्याचं काम करावं लागतं. कुण्या विशीतल्या पोराने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ठोकलेला तो खळगा अजून तिथेच असतो. कडा नीट घासलेल्या नसतात, हातोड्याचे वण मोजता येतात. वेल्डर तो चौकोन कापून काढतो आणि तिथे सपाट पत्रा लावतो.