उष्णता पंप, घरगुती (खानदेश)

कमी तापमानाच्या जागेतील उष्णता विजेच्या साहाय्याने उचलून जास्त तापमानाच्या जागेत सोडणारे यंत्र. मूळ कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडली. थंड देशांत हे यंत्र घर उबवण्यासाठी बसवतात. जळगाव-धुळ्याकडे त्याचे काम उलटे असते आणि लोक त्याला एसी म्हणतात. येथे प्रश्न पडतो तो कूलर की एसी हा. हेच यंत्र पाणीही तापवते, पण आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न त्याहून लहान.

*हवामान* : एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नेहमीचे आहे. मात्र ही उष्णता कोरडी असते आणि निर्णय तिथेच फिरतो. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. पाण्याच्या वाफेने मिळणाऱ्या गारव्याची ही सीमा. चांगल्या गवती ताट्यांचा कूलर या दोन तापमानांतल्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग गाठतो, म्हणजे २७ अंशांची हवा देतो. पावसाळ्यात ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर २९ अंशांच्या खाली जात नाही. वर अंगाची चिकचिक वाढवतो. रोहिणी-मृगाच्या उकाड्यापासून ऑक्टोबर हीटपर्यंत कूलरबद्दलच्या बहुतेक तक्रारी येतात त्या यामुळे. यंत्र बिघडलेले नसते, हवा बदललेली असते.

*छत* : यंत्राआधी छत पाहावे, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कलम आहे. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर असे. दुपारची उष्णता आत पोचायला उशीर लागे. चार-साडेचार इंची स्लॅब मात्र दिवसभर तापतो. रात्री दहा वाजता स्लॅबला खालून हात लावला तर तो अजून कोमट लागतो, आणि पंखा तीच ऊब खाली ढकलत असतो. अशा वरच्या मजल्यावर दीड टनाचे यंत्र बसवणे म्हणजे निम्मी वीज स्लॅब थंड करण्यात घालवणे. गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा, पत्र्याच्या घराला आतून सिलिंग : हे खर्च आधी करावेत. त्यानंतर पुष्कळ घरांत एक टनाने भागते. जुने धाबे पाडावे की राखावे याबद्दल मतभेद आहेत. गळती आणि वाळवी हे पाडणाऱ्यांचे खरे दुखणे आहे.

*पाणी* : १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. दीड टनाच्या एसीइतका गारवा वाफेतून मिळवायचा, तर तासाला सुमारे ८ लिटर पाणी लागते, म्हणजे रात्रभरात चार-पाच बादल्या. जिथे नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते, तिथे हा हिशेब विजेच्या बिलाइतकाच मोठा ठरतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेले आहे. बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर पांढरा क्षार साचतो. गवत कडक होते, हवा अडते आणि कूलर नुसता पंखा उरतो. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासांसाठीही ते आवश्यक आहे.

*वीज* : दीड टनाचा एसी तासाला सरासरी १.२ युनिट घेतो असे धरले, तर रोज ८ तासांचे महिन्याला सुमारे २९० युनिट होतात. कूलरचे ५०च्या आसपास. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. त्यामुळे वाढलेले युनिट चढ्या दराने पडतात. एसीवरील ताऱ्यांचे मानांकन २४ ते ४३ अंशांच्या बाह्य तापमानावर मोजलेले असते. मे महिन्यातील येथली दुपार त्याच्या पलीकडची असते. बाहेर जितके तापेल तितकी यंत्राची ताकद घटते. म्हणून बाहेरचा भाग गच्चीच्या उन्हात ठेवू नये. उत्तरेच्या सावलीच्या भिंतीला, मागून हवा खेळेल असा बसवावा. छतावर सौर पॅनेल असल्यास (२०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान) दिवसाचा एसी परवडतो, रात्रीचा हिशेब मात्र वेगळा.

*निवड* : पाणी पुरेसे, खोलीत आरपार हवा आणि मुख्य त्रास एप्रिल-मेचा असेल, तर कूलर. खिडकी एकच, पाण्याची ओढ, घरात तान्हे बाळ, वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण, अथवा पावसाळी उकाडा असह्य होत असेल, तर एका झोपण्याच्या खोलीपुरता एसी. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नयेत : कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद, शिवाय कूलरने आणलेला ओलावा काढण्यातच एसीची शक्ती जाते.

*आंघोळीचे पाणी* : १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर नेण्यास गीझरला सुमारे ३ युनिट लागतात, उष्णता पंपाला साधारण १. येथे वर्षातले बहुतेक दिवस ऊन असल्याने घरासाठी सौरबंब सरस ठरतो. पंप वसतिगृहे, रुग्णालये व लॉज यांना योग्य.

*ऊब* : धुळ्यात जानेवारीत पहाटेचा पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो, पण तेवढ्या दिवसांसाठी घर उबवणारे यंत्र घेण्याची गरज नाही.