पावलांचे वैद्यक : नव्या वाचकासाठी प्रस्तावना

ज्येष्ठ वद्य नवमीला माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघी, कळस ओलांडते आणि विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला कुणी वारकऱ्यांचे पाय चेपत असते, कुणी फोडांवर मलमपट्टी करत असते, कुणी तुटलेल्या वहाणा शिवून देत असते. पंढरपूर अजून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असते. पावलांची सेवा हे आपल्याकडे जुने पुण्यकर्म आहे. वैद्यकशास्त्राने मात्र पावलांकडे बऱ्याच उशिरा वळून पाहिले. गुडघा आणि खुबा यांच्या शस्त्रक्रियांची चर्चा आज घरोघरी होते, पण टाच, तळवा आणि घोटा यांची दुखणी अंगावर काढण्याचीच रीत आहे. गेल्या काही दशकांत या शाखेत पुष्कळ घडले आहे. ते जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत आहे.

एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. इतक्या बारीक जुळणीचा हा अवयव साध्या चालण्यातही दर पावलागणिक शरीराचे सगळे वजन पेलतो, धावताना तर त्याच्या कित्येक पट. रोगांच्या नावांची यादी पाठ करत या विषयात शिरू नका. आरंभी दोनच गोष्टी ध्यानात घ्या : तळव्यावर पडणारा दाब आणि तो दाब जाणवून देणारी संवेदना. या दोन्हींचा मेळ बिघडला की काय होते, हे समजले की अर्धा विषय हाती आला.

हे कोडे उलगडले ते आपल्याच देशात, कुष्ठरुग्णांच्या सेवेत. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत 1914 मध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे झडतात, असा तेव्हा सर्वत्र समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जखमांचा चिकाटीने माग काढला. रोगाने मज्जातंतू बधिर होतात, वेदना कळेनाशी होते, आणि मग तळव्याच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखम होते, हे त्यांना दिसले. निरोगी माणूस टाच दुखली की नकळत लंगडतो आणि त्या जागेला उसंत देतो. ज्याला दुखतच नाही तो जखमेवरच चालत राहतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे, ही जाणीव या कामातून पुढे आली. माझ्या मते ती या शाखेतील सर्वांत मोलाची आहे.

उपायही त्याच दिशेने सापडले. मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे तळ असलेल्या चपला आल्या. पाऊल लटके पडलेल्या रुग्णांसाठी चालू स्थितीतला स्नायुरज्जू दुसऱ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. तळव्याला आणि पोटरीला सर्व बाजूंनी नेमके चिकटून बसणारे प्लास्टर दक्षिण आशियातील कुष्ठसेवेत वापरात होते. ते घातले की भार एका बिंदूवर न पडता सगळीकडे वाटला जातो, आणि महिनोन्महिने न भरलेली जखम काही आठवड्यांत भरू लागते. ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेतील लुईझियानात, कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हे ज्ञान त्यांनी बरोबर नेले. तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांची कथा हीच आहे. आज जगभर मधुमेही पावलांवर होणाऱ्या उपचारांचा एक महत्त्वाचा पाया असा भारतीय कुष्ठसेवेत आहे. बाबा आमट्यांच्या आनंदवनाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने ही गोष्ट अभिमानाने सांगावी.

मधुमेह आता विश्रांतवाडीतल्याच काय, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत आणि वस्तीत आढळतो. त्यात पाय गमावण्याची वेळ बहुधा एका क्षुल्लक जखमेतून येते : चपलेत शिरलेला खडा, नखे कापताना लागलेली कात्री, मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी घातलेली प्रदक्षिणा. संवेदना तपासायला दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा पुरतो. तळव्याच्या ठरावीक जागांवर तो टेकवून रुग्णाला विचारायचे, कळले का? रक्तप्रवाहासाठी घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करतात. या तपासण्या वेदनारहित आहेत आणि त्यांना काही मिनिटेच लागतात.

जखम झालीच, तर मलम कोणते यापेक्षा भार कसा उतरवला हे अधिक महत्त्वाचे ठरते. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2023 च्या मार्गदर्शनात तळव्याच्या अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन प्रथम पसंतीचे मानले आहे. त्याचे कारण मानवी आहे. काढता येणारा बूट दिला की माणूस तो घरात काढून ठेवतो. 2003 च्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांच्या दिवसभरातील चालण्यापैकी जेमतेम 28 टक्के चालणे असा बूट घालून झाल्याचे आढळले. आपल्याकडे तर उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढणे हा संस्कार आहे. म्हणून बधिर पावलाच्या माणसासाठी घरात वापरायची वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवणे हा उपचाराचाच भाग समजावा.

लहान मुलांच्या बाबतीत बदल आणखी सुखद आहे. जन्मतः आत वळलेल्या पावलांसाठी पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया होत, आणि ती पावले पुढे ताठर व दुखरी होत. आयोवातील इग्नासिओ पॉन्सेटी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस हलक्या हाताने पाऊल वळवून दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याची पद्धत सुरू केली. जगाने ती खऱ्या अर्थाने स्वीकारली 1990 च्या दशकानंतर. पाच-सहा प्लास्टरे, बहुतेक बाळांना टाचेच्या स्नायुरज्जूवर एक लहानसा छेद, आणि नंतर पट्टीने जोडलेले बूट : पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना. बूट मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळते. म्हणून या उपचारात आईवडिलांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा आहे.

मुरगळलेल्या घोट्याविषयी थोडक्यात. 1992 मध्ये कॅनडात तयार झालेल्या ओटावा नियमांनुसार घोट्याच्या दोन्हींपैकी कोणत्याही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. हाड शाबूत असेल तर आठवडेच्या आठवडे प्लास्टरात ठेवण्याऐवजी लवकर हालचाल आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम यांवर भर असतो. सकाळच्या पहिल्या पावलाला टोचणारी टाचदुखीही बहुतेकांची पोटरी व तळवा ताणण्याच्या व्यायामांनी आणि योग्य पादत्राणांनी काही महिन्यांत निवळते. घोट्याची झीज बहुधा जुन्या मोडीतून उद्भवते. तिच्यावर सांधा कायमचा जखडणे आणि कृत्रिम सांधा बसवणे असे दोन मार्ग आहेत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींनी रुग्ण सुधारलेले दिसले आणि दोहोंत ठळक फरक आढळला नाही. नवे ते श्रेष्ठच, असे मानून निर्णय घेऊ नये.

पाऊल वाचले नाही तरी मार्ग संपत नाही. पुण्यात वानवडीला 1944 पासून सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र आहे. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या पावलाने मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात जाता येते. आपल्या जगण्याची रीत ओळखून केलेले ते विज्ञान आहे.

पुढील वाचनात तुम्ही प्रत्येक नव्या उपचाराला दोन प्रश्न विचारा : याने दाब कुठे कमी झाला, आणि संवेदनेची उणीव कशी भरून काढली? आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट पाहा. स्वतःला वाकता येत नसेल त्यांनी आरसा वापरावा किंवा घरच्यांना सांगावे. फोड, भेग, लाली किंवा काळपटपणा दिसला, तर दुखत नसले तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.