कॅथलिकांची सात ‘आध्यात्मिक दयाकृत्यं’ कोणती आणि ती रोज पाळायची म्हणजे काय करायचं?

उपाशी माणसाला जेवू घालणं ही दया, हे कुणालाही पटतं. पण चुकणाऱ्याला त्याची चूक सांगणं हीसुद्धा दयाच, असं कॅथलिक परंपरा मानते.

या परंपरेत दयेची 14 कृत्यं आहेत. सात शरीराच्या गरजांची: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची भेट वगैरे. उरलेली सात आध्यात्मिक: अज्ञानी माणसाला शिकवणं, संभ्रमात असलेल्याला सल्ला देणं, चुकणाऱ्याला समज देणं, दुःखिताचं सांत्वन करणं, अपराधांची क्षमा करणं, त्रास देणाऱ्याला धीरानं सोसणं आणि जिवंत-मृत सर्वांसाठी प्रार्थना करणं. पोप फ्रान्सिस यांनी 2015-16 हे दयेचं विशेष वर्ष जाहीर केलं, तेव्हा ही यादी पुन्हा चर्चेत आली.

या सातांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. तरीही ती जास्त अवघड आहेत.

चूक सांगायची, पण कुठे?

मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय 18) याचा क्रमच दिलाय. आधी त्या माणसाला एकट्याला भेटून सांगा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही ऐकलं तरच मंडळीसमोर विषय काढा. आपल्याकडे हल्ली आधी स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो, फोन नंतर होतो. बहुतेक वेळा होतच नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकाला हा फरक नामदेवांच्या कथेतून लगेच कळेल. नामदेवांचं जन्मगाव म्हणून नर्सी ओळखलं जातं. पारंपरिक कथा अशी, की गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना सगळ्यांसमोर ‘कच्चं मडकं’ ठरवलं. नामदेव दुखावले आणि तडक विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले दिसले, तेव्हा नामदेव चिडले. विसोबा शांतपणे म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड दिसू लागली. उणीव तीच होती, पण इथे ती नामदेवांना स्वतःला दिसली. चारचौघांत कुणी दाखवावी लागली नाही.

शिकवणं म्हणजे शाळाच नव्हे

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार केलं. ते भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अफवा त्याआधी मोबाइलवरून फिरत होती. असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की ‘काका, हे खोटं आहे, पुढे पाठवू नका’ असं लिहिणं, हे या यादीतलं पहिलं कृत्य. काका रागावतील, तो भाग वेगळा.

सांत्वन

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी तेराव्यापर्यंत गर्दी असते. त्यातले बरेच जण कर्ज किती होतं, भांडण झालं होतं का, हेच विचारतात. हे सांत्वन नाही, चौकशी आहे. त्या बाईला माणूस लागतो तो महिन्याभरानंतर, गप्प बसून ऐकणारा. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे.

क्षमा आणि सोसणं

इथे सर्वाधिक गैरसमज होतो. नवऱ्याची मारहाण सहन करणं म्हणजे दयाकृत्य नव्हे. क्षमा केली म्हणून गुन्हाही मिटत नाही. सिस्टर राणी मारिया यांची 1995 मध्ये मध्य प्रदेशात बसप्रवासादरम्यान हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. तो तुरुंगात असतानाच राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, त्याला राखी बांधली.

प्रार्थनेबद्दल फार सांगायला नको. पितृपक्ष पाळणाऱ्या घरांना मृतांची आठवण नवी नाही. कॅथलिक लोक त्यासाठी 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. ही यादी मात्र जिवंतांसाठीही प्रार्थना करायला सांगते, आणि त्यात न आवडणारी माणसंही येतात.