फायलींचा क्रम आणि बंद डबा

२०१४ साली ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये रेणूंची रचना ओळखण्याच्या एनएमआर तंत्रातल्या गणितासाठी काही पायथॉन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आले की डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलते! कारण क्षुल्लक होते. फोल्डरमधल्या फायलींची यादी ‘ग्लॉब’ हे फंक्शन देते, पण कोणत्या क्रमाने याची हमी देत नाही. स्क्रिप्ट मात्र क्रम जुळेलच असे धरून जोड्या लावत होती; त्यामुळे रेणूच्या एका आकाराची ऊर्जा दुसऱ्याच आकाराच्या आकड्यांना चिकटत होती. यादी आधी क्रमाने लावून घेतली की काम झाले.

आता प्रश्न असा, की कोणत्या साधनाने ही चूक पकडली असती? गिट कोणती ओळ कधी बदलली ते सांगते. इथे ओळ बदललीच नव्हती. लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवूनही उपयोग नव्हता. राहिला डॉकर. तो प्रोग्रॅमभोवतालची सगळी मांडणी एका डब्यात बंद करतो. फायलीही त्याच डब्यात असत्या, तर बहुधा सगळीकडे एकच उत्तर आले असते, कदाचित एकच चुकीचे उत्तर. डेटा बाहेरच्या डिस्कवरून जोडला, तर मात्र क्रम पुन्हा त्या डिस्कच्या मर्जीवर. म्हणजे पुनरावृत्ती आणि पडताळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक साधने पहिलीच करतात.

पहिलीही सोपी नाही म्हणा. २०१९ च्याच एका अभ्यासात गिटहबवरची सुमारे १४ लाख ज्युपिटर नोटबुके (कोड आणि त्याचे निकाल एकत्र ठेवणाऱ्या फायली) गोळा केली होती. चालवून पाहिलेल्यांपैकी साधारण २४ टक्के विनातक्रार पूर्ण झाली. जुनेच निकाल दिले फक्त ४ टक्क्यांनी. नोटबुकातले कोडचे कप्पे हवे तसे वरखाली चालवता येतात, तिथेही घोळ होतो.

यादृच्छिक आकडे पुन्हा तेच यावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ‘सीड’वरही डोळे मिटून विसंबू नये. आर भाषेच्या ३.६.० आवृत्तीत नमुना काढणाऱ्या ‘सॅम्पल’ फंक्शनची आतली पद्धत बदलली, तेव्हापासून त्याच सीडवर नमुना वेगळा निघू लागला. जुना निकाल हवा असेल तर जुनी पद्धत नाव घेऊन मागावी लागते.

म्हणून डबा बंद करण्याआधी स्क्रिप्ट एकदा दुसऱ्या सिस्टिमवर, फायलींची यादी मुद्दाम विस्कटून चालवावी. फायलींच्या क्रमाची ती चूक बहुधा तिथल्या तिथे सापडली असती.